छापखाना सांभाळायला येणाऱ्या लेकीस

देवगड

चि. बायस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला प्लॅन नीट वाचला. तुझ्या बाबांनीही वाचला, म्हणजे चष्मा न लावता वरवर पाहिला आणि 'बरा आसा' म्हणून मशीनकडे वळले. नवा लोगो, इन्स्टाग्रामचं पान, पहिल्या महिन्यात तीस टक्के सूट, कर्ज काढून फ्लेक्सचं मशीन. लोगो मला आवडला. पान काढच, गूगल मॅपवर दुकानही टाक, होमस्टेवाले नवे लोक तिथूनच शोधतात. पण सूट नको आणि फ्लेक्सचं मशीन तर नकोच. फोनवर सांगायला गेलं की तू 'आई, मार्केटिंगमध्ये असंच असतं' म्हणून मला गप्प करतेस, म्हणून लिहायला बसले.

आपल्याला दराने कोण मारतं ते आधी बघ. लग्नपत्रिकेची कोरी कार्डं शिवकाशीची, डायऱ्या आणि कॅलेंडरचे देवदेवतांचे कागदही तिथलेच. चार रंगांची पत्रकं कोल्हापूरला मोठ्या ऑफसेटवर एका फेरीत निघतात. आपल्या मिनी ऑफसेटवर एकेक रंग वेगळा चढवायचा, प्रत्येक रंगाला प्लेट बदलायची, रोलर धुवायचा. त्या दराशी टक्कर द्यायची तर आपण कागदाच्या भावात छापायला हवं. तीस टक्के सूट देऊन येणारं गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात चाळीस टक्के देणाऱ्याकडे जाणार, त्याला अडवणार कसं? कोल्हापूरच्या मशीनला एकच गोष्ट ठाऊक नसते. देवगडात कुणाला काय, कधी लागणार आहे ती. आपला धंदा वाढला तर तेवढ्यावरच वाढेल.

माझ्या गल्ल्याखालची निळी वही तू पाहिली आहेस. त्यात हिशेब नाहीत. कुणाचं पावतीपुस्तक कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत छापलं, एवढंच त्यात आहे. परवा वाण्याकडे तेल आणायला गेले तर मला १८४० नंबरची पावती मिळाली. आपण त्याला २००० पर्यंत छापून दिलंय. दिवसाला दहा-बारा पावत्या फाटत असतील, म्हणजे जेमतेम पंधरवड्याचा माल उरला. घरी येऊन फोन केला, पुढची छापायला घेऊ का? तो म्हणाला, 'घ्या, मी इसारलंयच होतंय.' दर विचारला नाही. पुस्तक संपल्यावर तो स्वतः निघाला असता तर चार ठिकाणी विचारून आला असता. ही वही तुझ्या त्या एक्सेलमध्ये चढव, आठवण करून देणारा अलार्म लाव, हवं ते कर. पण फोन तू स्वतः कर, मेसेज नको.

आणि आपली जाहिरात म्हणशील तर प्रत्येक पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रकाचं नाव आणि फोन. हल्ली काही गिऱ्हाइकं ती ओळ काढायला सांगतात, डिझाइन स्वच्छ दिसावं म्हणून. शक्य तिथे काढू नकोस. त्या एका ओळीवर आपल्याला कातवण-मिठबावपर्यंतचे लोक ओळखतात.

तू डिसेंबरात येणार असशील तर पहिलं काम आंबावाल्यांकडे जायचं. झाडं मोहरात असतात तोवरच बागायतदार बसून बोलतो. मार्चात पेट्या भरायला लागल्या की त्याला जेवायला सवड नसते, मग तो कणकवलीत मिळेल तो तयार बॉक्स उचलतो. एक-दोन डझनाचे पुठ्ठ्याचे बॉक्स आपण बनवत नाही, बनवायचेही नाहीत. पण त्यावरचं लेबल आणि आत टाकायचं कार्ड आपलं. कार्डावर आंबा गवतात कसा ठेवायचा, कच्चा फ्रिजमध्ये का घालायचा नाही, किती दिवसांनी खायचा, आणि मागे बागायतदाराचा फोन. पुण्या-मुंबईची माणसं हेच प्रश्न त्याला दिवसभर फोन करून विचारत असतात. कार्ड दिलं की त्याचे फोन कमी होतात आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर दलालाकडे न जाता थेट त्याच्याकडे येते. हे त्याच्या अंगणात बसून, नमुना हातात देऊन सांगायचं. कार्डाचे पैसे किरकोळ आहेत, पण त्या घरचं पुढचं लग्नही आपल्याकडेच येतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते चिन्ह वापरायचं तर बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली असावी लागते. दरवर्षी कुणी ना कुणी येतो, बाहेरचा आंबा असतो आणि 'देवगड हापूस' छापून हवं असतं. पैसे रोख, वर जास्त. नोंदणीचा कागद मागायचा, नसेल तर चहा पाजून वाटेला लावायचं. मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यात खोटं मानांकन लावणाऱ्याला कैदेची तरतूद आहेच, पण त्यासाठी ठोकळा किंवा प्लेट बनवणाऱ्याला आणि बाळगणाऱ्यालाही आहे. प्लेट म्हणजे आपणच की! शिवाय ज्या बागायतदारांच्या जिवावर आपण उभे आहोत त्यांचंच नाव आपल्या मशीनवरून चोरलं जायचं.

बचत गटांचं काम तू प्लॅनमध्ये घेतलंच नाहीस, मला त्याचं नवल वाटलं. कोकम आगळ, आंबापोळी, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, सगळ्याला लेबल लागतं. पण प्रत्येकीला दोनशेच हवी असतात आणि दोनशेंसाठी कुठलाच मोठा प्रेसवाला दारात उभं करत नाही. तू डिजिटल प्रिंट घेणार आहेस ना, मग हिशेब बघ. तीन बाय चार इंचाचं लेबल तेरा बाय एकोणीसच्या स्टिकर शीटवर कापायची जागा सोडून सोळा बसतं. चार गटांची चार-चार लावली तर पन्नास शीटमध्ये चौघींची दोनशे-दोनशे निघतात. कापाकापी एकदाच. त्यासाठी महिन्यातला एक वार ठरवायचा आणि गटांच्या बैठकीत सांगून टाकायचं की या वारी लेबलं निघतील, मजकूर चार दिवस आधी द्या. बायका वेळ पाळतात, त्याची काळजी नको.

मजकूर मात्र वाचायचा. नुसता छापायचा नाही. गेल्या खेपेला एकीने सुक्या जवळ्याच्या चटणीचं लेबल आणलं, शेजारणीच्या कोकम सरबताच्या लेबलावरून फोनवर बनवलेलं. नाव बदललं होतं, पण चौकोनातला हिरवा ठिपका तसाच! जवळा शाकाहारी झाला होता. तिथे तपकिरी त्रिकोण लागतो. मग मी खालची ओळही बघितली, तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न नोंदणीचा, नंबर तेराच आकड्यांचा. तो चौदा आकडी असतो. निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅक केल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं, घटक पदार्थ, बनवणाऱ्याचा पत्ता, हे सगळं आहे की नाही ते मी बोट ठेवून बघते. तिने पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगितलं आणि दुसऱ्या गावच्या गटाच्या बायका एसटीने आल्या. तुझ्या इन्स्टाग्रामवर हे टाक, चटणीच्या बाईचं नाव न घालता.

पत्रिकेचंही तेच. मुहूर्ताची तारीख, वार आणि तिथी पंचांगात जुळतात का ते बघायचं, फोन नंबर गिऱ्हाइकाकडून एकेक आकडा मोठ्याने वाचून घ्यायचा, प्रुफावर, म्हणजे छापण्याआधीच्या नमुन्यावर, सही घ्यायची. आणि निमंत्रकांची नावं! त्यांचा क्रम घरातल्या एकट्यादुकट्याच्या भरवशावर लावू नकोस. 'थोरल्या काकांचा नाव खाली कित्याक गेला?' म्हणून भावकी दुकानात येऊन उभी राहिलेली मी पाहिली आहे, लग्न बाजूला आणि प्रूफ हातात. सही घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची घे.

कॅलेंडरवर मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे. तू लिहिलंस, आता कॅलेंडर कोण बघतं, फोन आहे. अगं, आपल्याच मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं, ते अजून घरोघरी भिंतीवर आहे. त्याच्याशी आपल्याला स्पर्धा करायची नाही. आपलं एकपानी, दुकानात लटकवायचं, फक्त या तालुक्याचं. आठवडा बाजारांचे वार, गावोगावच्या जत्रा, महाशिवरात्रीची कुणकेश्वरची यात्रा, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी आणि रोजची भरती-ओहोटी. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, चतुर्थीला साधारण तीन, एकादशीला सव्वाआठ. पण होमस्टेला उतरलेल्या पाहुण्याला ते कुठून येणार? त्याला पुळणीवर कधी जायचं ते छापील हवं असतं, आणि होमस्टेवाला ते खोलीत लावतो. खाली आपलं नाव वर्षभर.

यात एक गंमत आहे. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी छापताच येत नाही, ती तिथीवर नसते, देवीचा कौल मिळाल्यावर ठरते. मागे मी त्या जागी मोकळा चौकोन ठेवला आणि तारीख जाहीर झाल्यावर छोटं स्टिकर छापून गल्ल्यावर ठेवलं, फुकट. स्टिकर न्यायला येणारे हात हलवत परत जात नाहीत. कुणाला झेरॉक्स आठवते, कुणाला मंडळाची पावतीपुस्तकं. यंदाही तेच करणार आहे, मजकूर जुळवून झालाय, कागद आला की छापायला घेऊ.

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी आरतीची सोळा पानी पुस्तिका, मुखपृष्ठावर त्यांच्या घराचं नाव. आषाढातच मुंबईच्या मंडळांना व्हॉट्सॲपवर नमुना पाठवायचा. हे तुझं तू बघ, तुला त्यातलं जास्त कळतं. फक्त एक, त्यांचा युनिकोडमधला मजकूर आपल्या जुन्या श्रीलिपी फाँटच्या फाइलींत चिकटवला की जोडाक्षरं फुटतात आणि घाईत ते दिसत नाही. नवं सगळं युनिकोडमध्येच जुळव, जुन्या फाइली लागतील तशा बदलून घे. आणि पावसाळ्यात रीम फोडलं की त्याच दिवशी संपव. दमट हवेत कागदाच्या कडा लाटा धरतात, दुसऱ्या रंगाला रजिस्टर जुळत नाही, म्हणजे रंगावर रंग नीट बसत नाही, आणि शाई दोन-दोन दिवस ओली राहते. त्या दिवसांत घाटात दरड आली की कोल्हापूरचं पार्सल अडकतं, तेव्हा तिकडे काम देणारेही आपल्या दारात येतात. त्यांच्याकडून जास्त पैसे घ्यायचे नाहीत, काम मात्र वेळेत द्यायचं. ते लोक टिकतात.

फ्लेक्स का नको ते सांगते. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, जाड परवडत नाही म्हणून गिऱ्हाईक पातळच मागतं, आणि वाढदिवसाच्या बॅनरची उधारी पुढच्या वाढदिवसाला मिळते. कुणाला हवाच असेल तर कणकवलीहून करून आणायचा, मधले चार पैसे घ्यायचे. हप्ते बँकेचे, वारा समुद्राचा, आपण मध्ये कशाला?

उधारीचं म्हणशील तर अर्धे पैसे आधी, उरलेले माल उचलताना, मग तो सरपंच असो की मामा. निवडणुकीत तर सगळेच आधी. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता छापायचा, प्रकाशकाचं दोन साक्षीदारांच्या सहीचं घोषणापत्र घ्यायचं आणि छापल्यावर प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७ क कलम इंग्रजीत वन ट्वेंटी-सेव्हन ए म्हणून ओळखतात, ते वाचून ठेव. रात्री उशिरा शटर अर्धं उघडायला लावून 'नाव नको घालूस गो' म्हणणारा येतोच. त्याला बाबांकडे पाठव. बाबांना रात्री ऐकू कमी येतं.

पगाराचं तू काही लिहिलं नाहीस. पहिले सहा महिने दुकानातून महिन्याला ठरावीक रक्कम उचल, 'घरचंच आहे' म्हणून गल्ल्यातून घेत जाऊ नकोस. रक्कम तू ठरव, मी बाबांना कबूल करते.

कोल्हापूरवरूनच येशील ना? कटिंग मशीनचं पातं तिथे धार लावायला दिलंय, पैसे दिलेले आहेत, ते घेऊन ये. पावतीचा फोटो पाठवते. पातं फळ्यांत बांधूनच घे, एसटीत मोकळं आणू देणार नाहीत.

तुझी
आई