ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी कॉलेज बघू तरी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंजिनिअरिंगच्या कॅपला (म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेला) ३०० पर्यंत ऑप्शन, म्हणजे पसंतीची कॉलेजं, टाकता येतात, त्यामुळे पोरं मागच्या वर्षीचा कटऑफ बघत कॉलेजं एकाखाली एक टाकत सुटतात. कॉलेज एसटी स्टँडपासून किती लांब, होस्टेल खरंच आहे का नुसतं माहितीपत्रकात आहे, कुणाला काय पत्ता नसतो. त्यात २०२५ ला नियम आला की पहिल्या राउंडला पहिल्या पसंतीचं, दुसऱ्याला पहिल्या तिनातलं आणि तिसऱ्याला पहिल्या सहातलं कॉलेज लागलं की सीट आपोआप फ्रीज, म्हणजे तीच पक्की, पुढच्या राउंडला जायचं नाही. मग वरची सहा नावं तरी डोळ्यांनी बघून टाकायला नकोत का?

पण बघू कोण देतंय? लेकीला घेऊन बार्शीहून पुण्याला गेलो होतो. सीओईपी, म्हणजे तिथलं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, बघितलं, १८५४ सालची संस्था, २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झालंय, जुनी दगडी इमारत आणि नदीकाठचा बोट क्लब बघूनच पोरगी खूश. (पर्सेंटाइल तेवढे पाहिजेत, तो भाग वेगळा.) नंतर एका खासगी कॉलेजला गेलो, नाव घेत नाही, तिथं गेटवरूनच थेट काउन्सिलिंगच्या एसी खोलीत नेलं आणि मॅडमनी प्लेसमेंटचा चकचकीत कागद पुढं सरकवला, सगळ्यात मोठं पॅकेज ठळक अक्षरात पण ते किती पोरांना मिळालं ते कुठंच नाही. वर्कशॉप बघू का म्हटलं तर चावीवाले सर रजेवर. खिडकीतून डोकावलो तर लेथ मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर आणि त्यावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. होस्टेलचं विचारलं तर 'आधी ॲडमिशन कन्फर्म करा, मग दाखवतो'. अहो, आपण भाड्याची खोलीसुद्धा नळाला पाणी येतं का बघून घेतो, इथं तर पोरीची चार वर्षं आहेत!

खरी माहिती मिळाली ती बाहेर चहाच्या टपरीवर, तिसऱ्या वर्षाच्या पोरींकडून. मेसचं जेवण, रात्री किती वाजता गेट बंद, कुठल्या विषयाला अर्धा सेमिस्टर सरच नव्हते, सगळं सांगितलं बिचाऱ्यांनी.

२०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची ट्यूशन फी शासनानं माफ केली, चांगलंच झालं, पण होस्टेल-मेसचा खर्च बापाच्याच खिशातून जातो आणि नेमकं तेच बघायला मिळत नाही. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) नियमानं कॉलेजला वेबसाइटवर मँडेटरी डिस्क्लोजर, म्हणजे स्वतःची सक्तीची माहिती, टाकावं लागतं खरं, पण त्या पीडीएफमधून बाथरूमला कडी आहे की नाही ते कसं कळणार?

हे प्रवेश चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलला विनंती आहे की मेरिट लिस्ट लागल्यावर आणि ऑप्शन फॉर्म सुरू व्हायच्या आधी दोन दिवस प्रत्येक कॉलेजला लॅब, लायब्ररी, होस्टेल, मेस सगळं उघडं ठेवायला लावा, आणि माहिती द्यायला काउन्सिलर नको, तिथलीच पोरंपोरी उभी करा. त्यातला एक दिवस रविवार असावा, कारण इतर दिवशी आमच्यासारख्यांचा रोजगार बुडतो. आणि तारखा आठवडाभर आधी कळल्या तर एसटीचं रिझर्वेशन करता येईल.

आपला,
एक पालक, बार्शी