सर्वेक्षणात विचारले कोणाला?

महोदय,

‘नवी मुंबईकरांना अमुक हवे, तमुक नको’ अशा सर्वेक्षणांच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. किती जणांनी उत्तरे दिली ते ठळकपणे छापलेले असते. ही माणसे निवडली कशी, याचा मात्र पत्ता नसतो. मध्यंतरी असाच एक ऑनलाइन फॉर्म सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरत होता. विषय होता पाणीपुरवठ्याचा! तो दिघ्याच्या किंवा तुर्भे स्टोअरच्या वस्तीत पोहोचला असेल, असे वाटत नाही.

उत्तरांचा आकडा मोठा असला म्हणजे निष्कर्ष बरोबर, असे नसते. १९३६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी तिथल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने कौल घेण्यासाठी सुमारे १ कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या आणि अंदाज निघाला लँडन यांच्या विजयाचा. निवडून आले रूझवेल्ट, तेही प्रचंड मतांनी. पत्ते प्रामुख्याने टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले. ऐन मंदीत या दोन्ही गोष्टी कोणाकडे असणार? शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारेही निराळेच.

वाशी स्टेशनबाहेर भेटेल त्याला गाठणे म्हणजेही यादृच्छिक (रँडम) निवड नव्हे. त्यासाठी आधी सर्व घरांची यादी लागते, मग तिच्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरे काढतात. खरी कसोटी पुढेच. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारच्याला विचारून मोकळे व्हायचे नाही, संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जायचे. नाहीतर दिवसा घरी असणाऱ्यांचेच मत गोळा होते. आपल्याकडे यादीही सहजी जुळत नाही: गावठाणातल्या इमारतींत एकाच घर क्रमांकावर कितीतरी भाडेकरू राहतात.

नाक्यावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या बायका यांची तर धड यादीच नसते. तिथे एकीने दुसरीकडे न्यावे, दुसरीने तिसरीकडे, असेच अभ्यासकांना जावे लागते. त्यात गैर काही नाही. त्यांचे जगणे समजते ते अशा मोजक्या, निवांत मुलाखतींतूनच. फक्त त्यावरून टक्केवारी काढू नये.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच, की टक्केवारी मथळ्यात द्यायची असेल तर माणसे कोणत्या यादीतून घेतली आणि किती जणांनी उत्तर द्यायचे नाकारले, हेही त्याच बातमीत छापावे. सर्वेक्षण करणाऱ्यांना ते सांगता येत नसेल, तर निदान ‘नवी मुंबईकरांचा कौल’ असे म्हणू नये.

– एक वाचक, कोपरखैरणे