तिचं बोलणं, तिची मर्जी

प्रिय शुभा,

तुझं पत्र पोचलं. आधारगृहातल्या बायकांचं बोलणं रेकॉर्ड करून जपायचं ठरवलंत, याचा फार आनंद झाला. सोबतचा संमतीचा फॉर्म वाचून मात्र जीव धास्तावला. ‘माझी माहिती वापरण्यास हरकत नाही’, खाली सही किंवा अंगठा. बस्स, एवढंच? आज सगळं बोलून मोकळी झालेली बाई उद्या मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली की हादरेल. तेव्हा तिने कुणाकडे जायचं, काय मागायचं, हे त्या कागदावर कुठेच नाही.

कॅनडाचं सांगते. तिथल्या मूलनिवासींच्या सुमारे दीड लाख मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं गेलं. पैसा सरकारचा, कारभार बहुतेक ठिकाणी चर्चचा. मारहाण आणि लैंगिक अत्याचार किती झाले, ते पुढे बाहेर आलं. पीडितांशी झालेल्या २००६ च्या समझोत्यानंतर भरपाईसाठी ३८,००० हून जास्त दावे आले. सुनावण्या बंद दाराआड झाल्या, गुप्तता पाळू असा शब्द दिलेला होता. मग प्रश्न आला की या कागदांचं करायचं काय. सरकार म्हणालं, दस्तऐवज आमचे. त्या शाळांच्या नोंदी जपणारं विनिपेगचं नॅशनल सेंटर फॉर ट्रुथ अँड रिकन्सिलिएशनही जपण्याच्या बाजूचं होतं. ६ ऑक्टोबर २०१७ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने दोघांचंही ऐकलं नाही. १५ वर्षं कागद ठेवा, तेवढ्यात ज्याला जपायचे असतील त्याने सांगावं, बाकीचे नष्ट करा, असा निकाल दिला. ती मुदत २०१२ पासून धरलेली, म्हणून सप्टेंबर २०२७ मध्ये संपते. जे न सांगताच वारले, त्यांचेही कागद जाणार. कोर्ट म्हणालं, यातही अन्याय आहेच, पण विश्वासाने सांगितलेलं चव्हाट्यावर येणं हा त्याहून मोठा अन्याय.

माझं आयुष्य दप्तरं जपण्यात गेलं. कागद जाळायचे म्हटलं की माझ्या पोटात तुटतं. तरी हा निकाल मला मनापासून पटतो. ज्यांच्या शरीरावर कुणीही हक्क सांगितला, त्यांच्या शब्दांवर तरी त्यांचाच हक्क हवा.

आयर्लंडमध्ये उलट झालं. अविवाहित मातांच्या गृहांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे साडेपाचशेच्या आसपास लोक बोलले. त्या ध्वनिफिती आयोगाने पुसून टाकल्या. २०२१ मध्ये अहवाल आला तेव्हा आपलं म्हणणं भलतंच मांडलंय, असं कित्येकांना वाटलं, आणि पडताळायला आवाजच उरला नव्हता. बोंब झाल्यावर बॅकअपमधून तो परत मिळवावा लागला. म्हणजे पुसणं चांगलं की जपणं चांगलं, हा वादच नाही गं. विचारलं कुणाला, एवढाच प्रश्न.

त्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. जाहीर सुनावण्यांत बोलणाऱ्याच्या शेजारी आधाराला माणूस बसलेला असे. डोळे पुसलेले कागदी रुमाल कचऱ्यात जात नसत. ते गोळा करून पवित्र अग्नीत अर्पण करत. तुमच्याकडे असा विधी नसेल, पण रेकॉर्डर बंद झाल्यावर तिच्यापाशी बसायला कुणीतरी असू दे. आणि त्या फिती ऐकून उतरवून घेणाऱ्या मुलींनाही जपा, एका दिवसात त्यांच्यावर फार लादू नका.

कायद्याचंही बघ. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे बलात्कार पीडितेची ओळख छापणं गुन्हा आहे, आणि ओळख नुसत्या नावाने पटत नाही. नोंदीत ‘सासऱ्याची पिठाची गिरणी, गाव अमुक’ असं लिहिलं की झालं, पंचक्रोशीला कळलं. खरी नावं वेगळ्या वहीत, वेगळ्या कुलपात ठेव.

फॉर्ममध्ये एवढं तरी घाल: कुणी ऐकायचं, केव्हापासून ऐकायचं, ती वारल्यावर काय करायचं, आणि मन बदललं तर परत कसं मागायचं. हे तिला तिच्या बोलीत वाचून दाखव, आणि वर्षभराने पुन्हा विचार. दिवाळीनंतर मी येते, नोंदवहीचा नमुना बसून करू. तोवर एकही फीत कुणाच्या फोनवर पाठवू नकोस.

तुझी,
मंदा