दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात

जुळे सोलापूर,
१६ जून

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा रात्री मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला आणि शेतातल्या काळ्या मातीत पाय टाकण्याची सोय राहिली नाही, म्हणून उन्हाळाभर मनात राहिलेले हे पत्र लिहायला आज सवड मिळाली. फोनवर तुम्ही दोघे एकाच वेळी बोलता, मध्येच दादाकडच्या कुकरची शिट्टी होते आणि गवारीचे पुढे काय झाले हा बाबांचा प्रश्न दर वेळी अर्धवट राहतो. तेव्हा जे पिकले ते आणि जे माझ्या हातून बिघडले तेही, दोन्ही आज सविस्तर लिहिते.

गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर मी विजापूर रस्त्याला, शहराची वस्ती विरळ होते त्या बाजूला, दोन गुंठे जागा हंगामापुरती भाड्याने घेतली, हे तुम्हांला ठाऊक आहे. मालकांनी विहिरीजवळच्या वीस गुंठ्यांचे दहा तुकडे पाडून आमच्यासारख्या शहरी हौशी लोकांना दिले आहेत आणि प्रत्येकाला एक दिवसाआड पाण्याची पाळी ठरवून दिली आहे. त्या वेळी बाबा म्हणाले होते की सोलापूरच्या उन्हाळ्यात भाजी करणे हे हौसेचे काम नाही, जमीन मृगापर्यंत तापू दे. मंगळवेढ्याच्या कोरडवाहू रानात तुमचे बालपण गेले. तिथे रब्बीची ज्वारी निघाली की शेत उन्हात उघडे ठेवायचे, हीच रीत. वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पावसावर, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात येणाऱ्या पावसावर, ज्यांनी पिके काढली त्यांना उन्हाळ्याच्या तोंडावर भेंडी लावणारी मुलगी खुळी वाटणे साहजिक आहे. तरीही मी ऐकले नाही, कारण विहिरीला पाणी होते आणि मला जूनपर्यंत वाट पाहवत नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात थंडी ओसरल्यावर मी पेरणी केली. भेंडीसाठी परभणी क्रांती हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वाण घेतला. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या हळद्या रोगापुढे तो तग धरतो असे दुकानदाराने सांगितले आणि ते बहुतेक खरे ठरले. पाने पिवळी पडलेली पाच-सहा झाडे मी दिसताक्षणीच उपटून बांधाबाहेर टाकली. गवार पुसा नवबहार घेतली, जिला फांद्या फुटत नाहीत आणि सरळ सोटासारख्या एकाच खोडावर शेंगांचे घोस लागतात. त्याखेरीज कारली, काकडी, थोडी वांगी, वीस रोपे टोमॅटोची, आणि घर आवरताना आईने रुमालात बांधून दिलेले परसातल्या गावरान दोडक्याचे बी. त्या चौदा बियांपैकी नऊ उगवल्या, हे आईला मी फोनवर सांगितले होते; पुन्हा लिहिते, कारण ते बी चार वर्षांचे होते.

माझी पहिली चूक दयेपोटी झाली. मार्चच्या मध्यापासून दुपारी ऊन चढले की भेंडीची आणि वांग्याची पाने माना टाकल्यासारखी लोंबत. ते पाहून मला राहवेना आणि मी माझ्या पाळीचे पाणी तर देईच, शिवाय शेजारच्या तुकड्याची पाळी रिकामी असली तर तीही मागून घेई. पंधरा दिवसांत गवार पिवळी पडू लागली आणि काही रोपे जमिनीलगत खोडाशी काळी होऊन कोलमडली. मला वाटले कीड आहे, म्हणून निंबोळी अर्क करून फवारला, त्याचा अर्थातच उपयोग झाला नाही. तेव्हा बाबांनी फोनवर, किती पाणी देतेस हे न विचारता, वीतभर खालची माती मुठीत घेऊन दाबून पाहा असे सांगितले. लाडू वळून बोटाने दाबल्यावर फुटला तर वापसा आहे, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, बेताची ओली आहे, बोटांना चिकटून राहिला तर पाण्याची गरज नाही, आणि लाडूच वळला नाही तर खुशाल दारे धर. मी दाबून पाहिली तर माती साबणासारखी निघाली.

काळी माती पाणी इतके धरून ठेवते की सतत भिजली तर तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळे गुदमरतात, ही गोष्ट मी शाळेत नक्कीच वाचली असेन. पण वापसा या शब्दाचा अर्थ मला चाळिशी उलटल्यावर दोन गुंठ्यांत कळला. दुपारी मान टाकलेले झाड दिवेलागणीपर्यंत आपले आपण सावरले तर ते तहानलेले नसते, हे बाबांचे दुसरे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. पाणी तोडल्यावर मात्र जमिनीला बोटभर रुंदीच्या भेगा पडू लागल्या. त्यावर बाबांनी त्यांच्या वडिलांचे 'एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी' ऐकवले. माझ्याकडे कोळपे नाही, मी खुरप्यानेच वरची दोन बोटे माती मोकळी करून भेगा बुजवत गेले, आणि त्यावर उसाच्या पाचटाचा चार बोटे जाड थर पसरला. आपल्या जिल्ह्यात उसाला तोटा नाही. शेजारच्या शेतकऱ्याने वाहून नेण्याच्या बोलीवर पाचट फुकट दिले. त्यानंतर एक दिवसाआडचे पाणी चार दिवसांवर गेले आणि उरलेली गवार हिरवी झाली. पाचटाबरोबर वाळवीही आली आणि एकदा धामण निघाली. ती मी आईपासून आजपर्यंत लपवून ठेवली होती.

टोमॅटोबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एप्रिलच्या मध्यापर्यंत तीन किलो निघाले, मग पारा चाळिशीपार गेला आणि फुले देठापासून गळू लागली, कारण तेवढ्या उष्णतेत फुलातला पराग निकामी होतो आणि फळ धरत नाही. लोक शेडनेट बांधतात. मी दोन जुन्या साड्या बांधल्या, त्या वाऱ्याने फाटल्या. मेथी बोटभर वाढून फुलावर आली आणि कोथिंबीर जवळजवळ उगवलीच नाही. या तिन्ही गोष्टी पुढच्या उन्हाळ्यात मी मंडईतून आणणार आहे.

आता दोडक्याचे सांगते, कारण त्याची खरी हकीकत आईला अजून पूर्ण माहीत नाही. वेल तुराट्यांच्या मांडवावर चढले, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पिवळी फुले दिसू लागली, आणि पुढे तीन आठवडे एकही दोडका लागला नाही. सुरुवातीला नरफुलेच अधिक येतात आणि उन्हाच्या तडाख्यात त्यांची संख्या आणखी वाढते, एवढे मला कळले होते. पण पुढे मादीफुले, ज्यांच्या मागे बोटाएवढा छोटा दोडका आधीपासूनच असतो, तीही दिसू लागली आणि तो छोटा दोडका दोन दिवसांत पिवळा पडून गळू लागला. मी रोज ऑफिसच्या आधी सहा वाजता शेतात जात असे. त्या वेळी कारल्याची आणि काकडीची फुले ताजी टवटवीत असत, त्यांवर मधमाश्या असत, आणि दोडक्याची फुले मात्र मलूल होऊन मिटत आलेली दिसत. मला वाटले वेलच अशक्त आहे. मी शेणखत घातले, जीवामृत घातले, शेवटी कंटाळून वेल उपटून तिथे तांदुळजा टाकावा असे ठरवले.

त्या रात्री आईने फोनवर एकच प्रश्न विचारला, की तू फुले पाहतेस किती वाजता? मी सकाळी म्हटल्यावर ती हसली आणि म्हणाली, अगं, दोडक्याचे फूल दिवे लावायच्या वेळी उमलते. दुधीचेही तसेच. आपल्या परसात तू लहान असताना मी तुळशीपुढे दिवा लावून मग वेलापाशी जात असे, तेव्हा तुला वाटे की मी वेलालाही दिवा दाखवते.

मला ते आठवते, आई. तू नरफूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे वळवून, ते मादीफुलाच्या तोंडाशी हलकेच टेकवत असायचीस. मी तो देवपूजेचाच भाग समजत होते. दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसातून परस्पर शेतात जाऊ लागले. साडेसहानंतर ऊन कलल्यावर त्या कळ्या खरोखर डोळ्यांदेखत उलगडतात आणि आदल्या घटकेला हिरव्या दिसणाऱ्या मांडवावर पिवळे ठिपके पसरतात. मी एका नरफुलाने दोन-तीन मादीफुले फळवत गेले आणि फळवलेल्या देठाला लाल दोरा बांधून वहीत तारीख लिहीत गेले. पहिल्या संध्याकाळच्या सात फुलांपैकी पाच धरली. आठव्या-नवव्या दिवशी दोडके तोडण्याजोगे झाले, शिरा अजून कोवळ्या होत्या, आणि त्या शिरांची चटणी मी तुझ्या पद्धतीने, आपल्याकडचे शेंगदाण्याचे कूट सढळ हाताने घालून केली.

भेंडीने मात्र काही मागितले नाही. पेरल्यापासून दीड महिन्यात पहिला तोडा मिळाला आणि मग एक दिवसाआड तोडणी सुरू राहिली. बार्शीच्या लग्नासाठी तीन दिवस गेले तेवढ्यात शेंगा शिंगांसारख्या निबर झाल्या, आणि अशा जून शेंगा झाडावर राहिल्या की झाड बी धरण्याच्या मागे लागून नवे फूल देत नाही, म्हणून त्या सगळ्या तोडून मालकांच्या म्हशीला घातल्या. भेंडीच्या लवीने हातांना भयंकर खाज सुटते. बाबा, तुमचा निळ्या रेघांचा लांब बाह्यांचा शर्ट जो तुम्ही पुण्याला नेला नाही, तो मी तोडणीसाठी वापरते. तो परत मिळण्याच्या लायकीचा राहिलेला नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाचे वादळ आले आणि मांडवाची एक बाजू आडवी झाली. तुराट्या तेवढा भार पेलत नाहीत, पुढच्या वेळी बांबू आणि तार. कारल्यांना फळमाशी लागू नये म्हणून ह्यांनी रविवारी बसून वर्तमानपत्राच्या पिशव्या चिकटवल्या आणि एकेका फळाला बांधल्या. पेट्रोल धरले तर मार्केट यार्डातली भाजी स्वस्त पडली असती, हेही त्यांनी हिशेब करून एकदा सांगितले आणि त्याच जेवणात कारल्याची भाजी दोनदा वाढून घेतली. वहीप्रमाणे भेंडी १६ किलो, गवार ७ किलो (अर्धी मी बुडवली नसती तर दुप्पट झाली असती), दोडके ११ किलो, कारली ५ किलो, आणि वांगी लाल कोळ्याने खाऊन उरली तेवढी.

शेजारच्या तुकड्यात शहराच्या पूर्व भागातल्या एक तेलुगू आजी येतात, आम्ही त्यांना अव्वा म्हणतो. त्यांनी उन्हाळाभर अंबाडीशिवाय जवळजवळ दुसरे काही लावले नाही. मी मनात हसले होते. पण दिवस मोठे असेपर्यंत अंबाडी फुलावर येत नाही, नुसता पाला देत राहते, आणि ४३ अंशांतही त्यांचा वाफा हिरवागार होता. त्यांच्या घरी त्याला गोंगुरा म्हणतात. मी त्यांना भेंडी देई, त्या मला अंबाडीची जुडी देत, आणि माझ्या टोमॅटोंकडे पाहून त्या दर वेळी काहीतरी म्हणत ज्याचा अर्थ त्यांच्या नातीने मला कधी सांगितला नाही.

दादाचा मित्र गुरुवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला येत आहे. त्याच्याबरोबर गवार, अंबाडी, चार दोडके आणि शेंगाची चटणी पाठवते. बाबांना गवार वातूळ पडते, तेव्हा आईने ओवा घालावा. वापसा आला की रिकाम्या वाफ्यांत चवळी आणि भोपळा लावायचा विचार आहे, पण या चिकण मातीत पावसाळ्यात सरीवर लावावे की वरंब्यावर, ते बाबांनी सांगावे.

आणि आई, एक अडचण तुझ्यासाठी. तू शिकवल्याप्रमाणे प्रत्येक दोडक्याची चकती चाखूनच भाजीत घालते, त्यात एका वेलाची फळे कडू निघाली आणि तो वेल मी ५ जूनला उपटला. परंतु त्याआधी त्याची नरफुले मी न कळता इतर वेलांना लावली होती. बीसाठी राखलेला दोडका वेलावर आता तपकिरी होत आला आहे, त्याच्या दोऱ्याची तारीख १२ मे आहे. म्हणजे तो त्या दिवसांतला. फळ गोड असले तरी बियांत कडूपणा उतरला असेल का, की ५ जूननंतर फळवलेल्यांपैकी एखादा नवा दोडका बीसाठी राखू? वेलांवर अजून फुले आहेत, पण पाऊस वाढला की ती टिकणार नाहीत, म्हणून पार्सल मिळताच फोन कर. संध्याकाळी साडेसहानंतर केलास तर मी मांडवापाशीच असेन.

तुमची,
धाकटी