घंटागाडीचे व्हिडिओ काढले तर बिघडलं कुठं?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

आमच्या जुळे सोलापुरात माझा पुतण्या घंटागाडी नि कॉम्पॅक्टरचे (कचरा दाबून भरणारी मोठी गाडी) व्हिडिओ काढतो, त्यावरून शेजारपाजारचे लोक हसतात, ‘कचऱ्याचं काय शूटिंग करतोय बे’ म्हणतात. रेल्वेचे फोटो काढणारे चालतात मग हे का नाही? परदेशात तर या छंदाची पोरं ढिगानं आहेत. कॉम्पॅक्टर नीट बघितलाय का कधी, मागच्या खोलगट भागात कचरा पडला की हायड्रॉलिकवर लोखंडी पाट खाली येतो, सगळं ओढून आत दाबतो आणि खालून काळं पाणी गळतं ते वेगळंच (वास व्हिडिओत येत नाही हे नशीब). ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्या असं २०१६ च्या नियमातच सांगितलं होतं पण व्हिडिओत आपल्याच गल्लीतले लोक डायपर, काच, भाजीचे देठ एकाच पिशवीत कोंबून देताना दिसतात, म्हणून तर राग येत नसेल ना? पोराला मी एवढंच सांगितलंय की गाडीच्या मागं उभं राहायचं नाही आणि कामगार दादांना विचारल्याशिवाय त्यांचा चेहरा घ्यायचा नाही. ते दादा पण आता हौसेनं भोंगा वाजवतात.

— एक वाचक, जुळे सोलापूर