मिलिंदला पत्र : रोमानियाचा बेत

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझी यादी वाचली. बारा रात्रींत बुखारेस्ट, ब्राशोव्ह, सिबिऊ, क्लुज, मारामुरेश, बुकोव्हिना आणि वर काळ्या समुद्राचा किनारा! कागदावर बसतंय, वेळापत्रकात बसत नाही. रोमानिया क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जेमतेम तीन चतुर्थांश. पण मधोमध कार्पाथियन डोंगर पसरलेत आणि तिथल्या आगगाड्यांना कसलीच घाई नसते. बुखारेस्ट ते ब्राशोव्ह 166 किलोमीटरला अडीच-पावणेतीन तास लागतात. बुखारेस्ट ते क्लुज म्हणजे अख्खा दिवस गाडीतच. तेव्हा समुद्र आणि बुकोव्हिना काढून टाक. बुकोव्हिनातल्या व्होरोनेट्सच्या मठाच्या बाहेरच्या भिंतींवरची चित्रं बघण्यासारखीच आहेत, पण तो कोपरा देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

विमानाचं तिकीट काढताना एक कर : बुखारेस्टला उतर आणि क्लुजहून परत ये. दोन्हीकडून इस्तंबूलला विमानं आहेत, त्यामुळे आल्या वाटेने परत फिरण्यात जाणारा दिवस वाचतो. मात्र मुंबईपर्यंतचं सगळं एकाच तिकिटावर असू दे. स्वस्तात पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढलीस तर मधल्या विमानतळावर बॅगा घ्यायला बाहेर पडावं लागतं. बाहेर पडायचं म्हणजे त्या देशाचाही व्हिसा हवा.

व्हिसाबद्दल तू जे जुने लेख वाचलेस ते विसर. 1 जानेवारी 2025 पासून रोमानिया पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे वेगळा रोमानियन व्हिसा लागत नाही आणि तिथले दिवस शेंगेनमध्ये 180 दिवसांत 90 दिवस राहण्याच्या मर्यादेतच मोजले जातात. सगळ्या रात्री तिथेच असल्याने अर्जही रोमानियाकडेच करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. नियमाने शेवटची मुदत पंधरा दिवसांची असली तरी तेवढं ताणू नकोस. शुल्क 90 युरो, विमा किमान 30,000 युरोंचा. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा साध्या विसंगतीमुळे : हॉटेलच्या रात्री, विमान आणि विमा यांच्या तारखा जुळत नाहीत, किंवा अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम मोठी रक्कम येऊन पडलेली असते.

आता मुक्काम. बुखारेस्ट दोन, ब्राशोव्ह चार, सिबिऊ तीन, मारामुरेश तीन. बुखारेस्टच्या विमानतळावरून गारा दे नॉर्द या मुख्य स्टेशनला थेट रेल्वे आहे. 'टॅक्सी, टॅक्सी' करत अंगावर येणाऱ्यांना हात जोड आणि लागलीच तर अ‍ॅपवरून गाडी बोलव. संसदेचा अवाढव्य महाल आतून बघायचा असेल तर मूळ पासपोर्ट जवळ लागतो.

ब्राशोव्हच्या वाटेवर सिनाया लागतं. पेलेश राजवाडा तिथेच आहे, स्टेशनपासून चढणीने अर्ध्या तासाच्या आत. सोमवारी तो बंद असतो, म्हणून हा प्रवास सोमवारी ठेवू नकोस. ब्रानला जाऊ नकोस असं माझं स्पष्ट मत. ड्रॅक्युलाचा वाडा म्हणून तो विकला जातो, पण ज्या व्लाद नावाच्या जुन्या राजाच्या नावावर हा सगळा बाजार भरलाय त्याचा ब्रानशी संबंध फार तर ओझरता. त्या दिवशी त्यापेक्षा व्हिस्क्रीला जा. बाराव्या शतकापासून या भागात येऊन वसलेल्या जर्मनभाषक सॅक्सन लोकांनी गावोगाव तटबंदीची चर्च बांधली. 1990 च्या आसपास त्यांतले बहुतेक जर्मनीला निघून गेले, चर्च तेवढी उरली. बिएर्तानच्या चर्चमधल्या सामानखोलीचं दार मुद्दाम थांबून बघ : एकच किल्ली फिरवली की दाराच्या चारी कडांतून लोखंडी अडसर सरकतात. या गावांना रेल्वे नाही आणि बस नावापुरती, म्हणून ब्राशोव्ह-सिबिऊच्या टप्प्यात दोन-तीन दिवस भाड्याची गाडी घे.

गाडीसाठी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढ. अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, डेबिट कार्डाला बऱ्याच ठिकाणी सरळ नकार मिळतो. स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणून ऑटोमॅटिक आधीच माग, ऐनवेळी मिळत नाही. राष्ट्रीय रस्त्यांचा कर म्हणजे रोव्हिनिएता. भाड्याच्या गाडीचा तो भरलेला असतो, तरी किल्ली घेताना विचार. दारू प्यायल्यावर गाडीला हात लावायचा नाही, मर्यादा शून्य आहे. आणि ट्रान्सफागाराशान हा दोन हजार मीटरवर चढणारा घाटरस्ता साधारण जूनअखेर ते ऑक्टोबरअखेरच उघडा असतो. तुझा मे महिना मी खोडतोय तो यासाठीच. सप्टेंबरचा मध्य धर. घाटात रस्त्याकडेला अस्वलं येऊन बसतात. काच खाली करायची नाही, खायला टाकायचं नाही, फोटोसाठी उतरायचं तर नाहीच.

मारामुरेशला क्लुजहून बसने बाया मारेपर्यंत जा आणि पुढे ब्रेबसारख्या खेड्यात घरगुती मुक्काम कर. घरमालक न्यायला येतात का, ते ठरवूनच पैसे भर. लाकडी चर्च बहुधा कुलूपबंद असतात. किल्ली शेजारच्या कुणाकडे तरी असते, दारावर फोन नंबर लिहिलेला असतो. सापांत्साच्या दफनभूमीतले निळे लाकडी क्रूस 1935 पासून स्तान इओन पात्राशने कोरायला घेतले. बऱ्याच क्रूसांवर मेलेल्या माणसाबद्दल खट्याळ ओळी असतात. विशेऊ दे सुसची वाफेची जंगलगाडी सकाळी लवकर सुटते, तिकीट आधीच काढ आणि आदली रात्र त्याच गावात काढ.

काकू शाकाहारी म्हणून त्यांच्या जेवणाची तू उगाच धास्ती घेतलीस. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवार-शुक्रवार आणि मोठ्या सणांआधी उपास करतात. त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. मेन्यूवर 'दे पोस्ट', म्हणजे उपासाचं, हे दोन शब्द शोधायचे. फक्त कोळंबी-माकुळ त्यांना उपासाला चालते, तेवढं विचारून घे. सालाता दे विनेते म्हणजे जवळजवळ आपलं वांग्याचं भरीत, पण बऱ्याच ठिकाणी त्यात मेयोनेझ घालतात, म्हणजे अंडं आलं. 'फरा मायोनेझा' म्हणजे मेयोनेझशिवाय, असं सांगायचं. घेवड्याच्या सूपमध्ये धुरी दिलेलं डुकराचं मांस जवळपास ठरलेलंच. भाज्यांचं सूपही मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. मक्याच्या पिठाची ममलीगा चीज आणि सायीबरोबर मिळते, ती त्यांना नक्की आवडेल. दुकानातून झाकुस्काची बाटली घे, वांगं-ढोबळी मिरची-टोमॅटोची आहे, गाडीत पावाला लावून खाता येते.

पैशांचं सांगायचं तर चलन लेऊ, एका युरोला साधारण पाच. एटीएमने 'रुपयांत रूपांतर करू का' असं विचारलं की नाही म्हण. त्यांचा दर महागात पडतो. खेड्यांसाठी रोख जवळ ठेव.

रेल्वेची तिकिटं चेफेरेच्या (CFR, तिथली सरकारी रेल्वे) साइटवर निघतात. इंटररेजिओ या जलद गाडीला जागा आरक्षित असते, रेजिओ मात्र प्रत्येक स्टेशनवर थांबते, तिच्या वाटेला जाऊ नकोस. ब्राशोव्ह-सिगिशोआरा मार्गावर रुळांचं काम बरंच रेंगाळलंय, म्हणून तिथे पुढची जोडगाडी धरायची असेल तर मध्ये दोन तास मोकळे ठेव.

तारखा पक्क्या झाल्या की कळव. ब्रेबचा मुक्काम आधी आरक्षित कर, बाकीची हॉटेलं मागाहून मिळतात. वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
अजित