आईच्या नावाची पावती

सेलू,
12 जुलै

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुम्ही फोन आईच्या हातात दिलात तो पुन्हा घेतलाच नाहीत. "सहकार म्हणजे दहा जणांचं दुखणं अन् एकाचं दुभतं," एवढं मागून ऐकू आलं. म्हणून पत्र लिहितेय. पत्रावर ओरडता येत नाही.

सहकारी भांडारातले तुमचे शेअरचे पैसे बुडाले ते मी विसरले नाही. ती पिवळी पावती तुम्ही किती वर्षं पंचांगात जपली! अडतीवर मुनिमी करताना दुसऱ्याच्या वहीतला चार आण्यांचा फरक शोधायला रात्र घालवणारा माणूस, आणि ज्या संस्थेत स्वतःचे पैसे घातले तिची वही त्याला कुणी कधी दाखवली नाही. म्हणून आम्ही गल्लीने मिळून काढलेल्या सहकारी दुकानात पहिला ठराव मी मांडला: वही गल्ल्याजवळ राहील, सभासदाने मागितली की द्यायची. रोज दोघं-तिघं तरी पानं उलटतात. निम्मे आपली उधारी बघतात, निम्मे शेजाऱ्याची.

शेठजींनी गल्लीतलं किराणा दुकान बंद करायचं ठरवलं तेव्हा गल्ली हबकली. मुलं पुण्यात, गुडघे गेलेले, त्यांचं तरी काय चुकलं? बायपासच्या मार्टात स्वस्त मिळतं, पण जायला रिक्षा, आणि पाव किलो तेल तिथं कोण मोजून देणार? म्हणून आपणच सहकारी दुकान काढायचं ठरलं. संस्थेच्या नोंदणीला दहा घरचे दहाजण लागतात, 1960 च्या सहकार कायद्यात तसं आहे. आम्हाला नऊ पटकन मिळाले, दहाव्याला तीन आठवडे लागले. मग बघता बघता 64 झाले. शेअर हजाराचा, कुणी अडीचशेच्या चार हप्त्यांत दिला. एकाने दहा शेअर घेतो म्हटलं, त्याला सांगितलं, घ्या, पण मत एकच. त्याने एकच घेतला.

आता चूक सांगते, नाहीतर दादाकडून कळेलच. लातूरहून तीन क्विंटल तूरडाळ आणली. मिलचा भाव 112, बाजारात 120, आम्ही ऐटीत 114 ला लावली. चार दिवसांत खलास, सगळे खूश. गाडीभाडं आणि हमाली मिळून पंधराशे, म्हणजे किलोमागे पाच रुपये, ते कुणी धरलंच नव्हतं! डाळ पडली 117 ला. नऊशे रुपयांना चुना, वर पोत्याच्या तळातली चुरी वेगळीच. तुम्ही असता तर गाडी निघायच्या आधी विचारलं असतं, "पडत किती पडतंय?"

खरं भांडण मात्र उधारीवरून झालं. मारुतीच्या सभामंडपात रात्री साडेअकरापर्यंत. माझं म्हणणं होतं, फक्त रोख. मी वाचूनच गेले होते: इंग्लंडात रॉचडेलला 1844 साली 28 जणांनी असंच दुकान काढलं, बरेचसे विणकर, पीठ, लोणी, साखर असलं चार-दोन जिन्नस, आणि उधार बंद. मुंबईच्या नायगावात 1948 साली निघालेल्या अपना बाजार या सहकारी दुकानाचंही नाव घेतलं. खुरपायला जाणाऱ्या एक मावशी भिंतीला टेकून ऐकत होत्या. म्हणाल्या, "ताई, त्या विणकरायला पगार कवा मिळत होता?" मी म्हटलं, असेल आठवड्याला. "मग त्यायनी रोख घ्यावंच की. आमचं सोयाबीन निघतंय दसऱ्याला. तवर काय खायचं, तुमचा ठराव?"

सगळे हसले. मीही हसले, पण हात मात्र विरोधातच वर केला. माझी बाजू हरली. ठरलं असं की ज्याचा जेवढा शेअर भरलेला, तेवढीच उधारी, दिवाळीपर्यंत फेडायची. मला ते अजून पटलेलं नाही, कारण माल संपला की मिलवाला आमच्या शेअरकडे बघून पोतं देणार नाही. तरी त्या मावशींचं पान मी रोज बघते. सातशे चाळीस झालेत. परवा त्यांनी साखर अर्धा किलो मागितली, आकडा बघितला आणि पाव किलोच करायला सांगितली. काट्यावरची साखर मी डब्यात परत ओतली. हात जड झाला हो.

नफा तुम्ही विचारणारच. मार्चअखेर थोडा आहे. त्यातला चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो, आणि लाभांश 15 टक्क्यांच्या वर वाटता येत नाही. आम्हाला दोनचा तरी जमेल का ते लेखापरीक्षण झालं की कळेल.

आई, तू दादाच्या हाती पाठवलेले हजार पोचले. पावती तुझ्याच नावाने फाडली, सभासद क्रमांक 65. बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरवणार होतीस, पण पत्र दोघांना एकच लिहायची मला सवय. आता वाचून झालंच असेल.

तर वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आईला यावं लागेल, तिचं मत आहे. तिच्या गुडघ्याला एसटी सोसणार नाही, रेल्वेनेच या. बाबा, तुम्हाला मत नाही, पण सोबत म्हणून या. डाळीचं बिल आणि गाडीभाड्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे, चष्मा लावून बघा. हमालीच्या आकड्यात मला अजून काहीतरी खटकतंय.

तुमची,
ताई